लिंबाखालचे लाल डाग

गेरचा दांडा 'चल'वर होता आणि गाडी मागं जात होती.

धारूरच्या घाटात, दुसऱ्या वळणाच्या जरा वर. सकाळचे दहा वाजून गेले होते. मी ॲक्सिलेटर आणखी दाबला. इंजिन ओरडलं, पण चाकापर्यंत त्यातलं काहीच पोचलं नाही. समोरच्या काचेतला डोंगर हळूहळू लांब जायला लागला. शेजारी मालक बसले होते, म्हणजे माझा नवरा. पाय सुजून चपलेत मावत नव्हते म्हणून अनवाणी. आरशात मागचा ट्रॅक्टर दिसत होता. कारखान्यावर ऊस टाकून दोन रिकाम्या ट्रॉल्या घेऊन वर चालला होता आणि ट्रॉल्यांत ऊसतोडीची बाया-माणसं उभी होती.

"बिरेक मार," मालक म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडायला श्वास नव्हता.

मी ॲक्सिलेटरच दाबत राहिले. इंजिन ओरडतंय म्हणजे जोर कमी पडतोय, असं मला वाटलं. मग कळलं, आणि मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले. गाडी तिरकी झाली, मागचं एक चाक डोंगराकडच्या नालीत गेलं आणि दणका बसून थांबली. ट्रॅक्टर हातभर अंतरावर येऊन थांबला होता. लागलं कुणालाच नाही.

आम्ही मालकांच्या डायलिसिसला चाललो होतो. दवाखाना घाटाच्या पलीकडं. आठवड्यातून दोन पाळ्या, सोमवार आणि गुरुवार. तो गुरुवार होता आणि आधीचा सोमवार हुकलेला होता. किडन्या बंद पडलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठत जातं, मशीन ते काढून टाकतं. एक पाळी हुकली की पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. दुसरी हुकली तर काय होतं ते आम्हाला सांगून ठेवलेलं होतं.

गाडी मुलाची होती. पुण्याला त्यानं नवी घेतली आणि जुनी आम्हाला आणून दिली. पंधरा वर्षं वापरलेली, पण ऑटोमॅटिक. गेर आपोआप बदलतो, क्लच नाही. "आई, एकच पाय लागतो. तुला जमंल," असं तो म्हणाला. मालकांच्या हातात सुया टोचून टोचून दंड असे झाले होते की त्यांना स्टेअरिंग वळवता येत नव्हतं. मुलगा पुण्यात. एसटीच्या पायऱ्या मालकांना चढवत नव्हत्या. मग राहिलं कोण? मी बासष्ट वर्षांची होते आणि सायकलसुद्धा चालवलेली नव्हती.

मालकांनी मला रिकाम्या रानात शिकवलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. इंग्रजी अक्षरं ओळखत नाही. म्हणून त्यांनी दांड्याच्या बाजूला पांढऱ्या रंगानं लिहून दिलं होतं: थांब, मागं, मोकळी, चल. महिनाभरात मी गाडी रस्त्यावर काढली. लोक हसले. तेलगावच्या चौकात एक जण म्हणाला, म्हातारी आता इमान उडवायची बाकी राहिली. मी म्हटलं, तुला न्यायला येते, बसशील का?

मालकांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवले. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. ऑइल बघायचं तर इंजिन बंद करायचं, दहा मिनिटं बसू द्यायचं, मग सळी काढायची, पुसायची, परत घालायची, काढायची आणि बघायची. या गाडीला अशा सळ्या दोन होत्या, एक इंजिनाची आणि एक गेरची. निघायच्या दिवशी सकाळी मी दोन्ही बघायची. दोन्हीवर ऑइल खुणेपर्यंत असायचं. दीड वर्ष मी हे चुकवलं नाही.

दिवाळीनंतर गाडी बिघडायला लागली. आधी एवढंच व्हायचं की दांडा 'चल'वर टाकला की गाडी विचार करायची. दोन-तीन श्वास नुसतीच उभी राहायची आणि मग धक्का देऊन निघायची. नंतर चालता चालता मध्येच सुटल्यासारखं व्हायला लागलं. इंजिनाचा आवाज वाढायचा, वेग तेवढाच, मग दणका देऊन पुढचा गेर पडायचा. सकाळी गार असताना बरी चालायची. उन्हात तापली की जास्त करायची.

गावातल्या मिस्त्रीला दाखवली. त्यानं आयुष्यभर ट्रॅक्टर आणि जीपा केल्या. आधी प्लग बदलले, मग ॲक्सिलेटरची तार बदलली. काही फरक नाही. मग म्हणाला, गेरचं ऑइल बघू. इंजिन बंद केलं, चहा प्यायला, येऊन सळी काढली. "भरलेलं हाय. ऑइलचा दोष न्हाई." मी त्याला म्हटलं, घाट चढून आलं की जळकट वास येतो, वड्या तळून तेल करपल्यावर येतो तसा. तो हसला. "मावशी, बाईमाणसाला सगळीकडं चुलीचाच वास यायचा." मालकही हसले. मी पुढं बोलले नाही. मिस्त्री तो, मी काय सांगणार.

मुलाला फोन केला. तो म्हणाला सळीचा फोटो पाठव. मी सळी पुसून, घालून, काढून, शेजारच्या सुनेकडून फोटो काढून पाठवला. तो म्हणाला, लेव्हल तर बरोबर हाय आई, सुट्टीत आलो की बघतो.

आता दिराचं सांगते, कारण ते यातच येतं.

मालकांचा धाकटा भाऊ आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहतो. दर पाळीला तो आमच्यासोबत यायचा. मागच्या सीटवर बसायचा. घाटात गाडी थांबवावी लागली की कुणी न सांगता खाली उतरायचा आणि चाकामागं दगड लावायचा. बैलगाडीवर वाढलेला माणूस, चढाला चाक दिसलं की त्याचा हात दगडाकडं जायचा. दवाखान्यात मालकांना उचलून खाटेवर घालायचं कामही त्याचंच. माणूस चांगला, पण दिवसभर पान खायचा.

गाडी आमच्या अंगणात लिंबाखाली उभी असते. अंगण मातीचं. मी रोज पहाटे झाडते आणि शेणाचा सडा टाकते. लग्न होऊन आले तेव्हापासून टाकते. दिवाळीच्या आसपास गाडीच्या पुढच्या बाजूला मातीत लाल डाग दिसायला लागले. ओलसर, बोटभर, कधी दोन कधी चार. मी ते बघितले आणि माझं डोकं फिरलं. दीर गाडीतून उतरला की तिथंच उभा राहून बोलत बसायचा. जागा तीच.

एकदा पाळीहून आलो तेव्हा मी त्याला तोंडावर विचारलं, "भाऊजी, अंगण थुंकायला हाय का?"

"कावून, काय झालं वैनी?"

मी डाग दाखवला. तो वाकून बघून म्हणाला, "मी न्हाई थुंकलो हितं."

"मग काय, लिंबानं पान खाल्लं?"

त्याच्या मागं त्याची सून उभी होती, भाजी द्यायला आलेली. ती हसली. त्यानं गाडीतली पिशवी घेतली आणि निघून गेला. पुढच्या पाळीला निरोप आला, काम आहे, येणं होत नाही. त्याच्या पुढच्या पाळीला निरोपही आला नाही. मालक म्हणाले, थुंकला तर थुंकला, तुझं काय सोनं बुडालं? मी म्हटलं, माफी मागायला मी जाणार नाही. मालक रोज त्याची वाट बघायचे हे मला दिसत होतं.

डाग थांबले नाहीत. तो येत नव्हता तरी डाग पडत होते. शहाण्या माणसाला इथं शंका आली असती. मी काय धरलं, की हा आता जाता-येता भिंतीवरून मुद्दाम थुंकतो. मी शेणाचा हात आणखी जड केला. रोज पहाटे डाग पुसून अंगण सारवल्यासारखं करून ठेवलं.

मग तो हुकलेला सोमवार आला. गाडी गावच्या वेशीपर्यंत गेली आणि चढावर सुटायला लागली. मी वळवून परत आणली. दुसरी गाडी ठरवा असं मी म्हटलं, पण मालक म्हणाले, सळी बघितली ना, भरलेली हाय ना, मग दुपारून गाडी निवल्यावर जाऊ. दुपारून ते झोपले. मीही उठवलं नाही. ही चूक आम्हा दोघांची. गुरुवारी सकाळी गाडी गार होती, बरी चालली, म्हणून आम्ही घाटापर्यंत पोचलो.

नालीत चाक गेल्यावर ट्रॅक्टरमधल्या बाया खाली उतरल्या. शिरूर कासारकडची माणसं होती, त्यांच्या बोलण्यावरून कळलं. गड्यांनी चाकांना दगड लावले. मी दांडा 'थांब'वर टाकला आणि खाली उतरले. मालकांच्या बाजूचं दार उघडलं. ते तोंडानं श्वास घेत होते. एक बाई पाण्याची बाटली घेऊन आली आणि त्यांच्या तोंडाला लावायला लागली. मी तिचा हात धरला.

"मावशी, पाणी तरी पाजा की माणसाला. जीव चाललाय त्याचा."

"पाणीच मारतंय त्यांना," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. तिनं दुसऱ्या बाईकडं बघितलं आणि दोघी जरा लांब जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या जागी असते तर मलाही हेच वाटलं असतं. पदराचं टोक भिजवून मी मालकांचे ओठ पुसले.

गाडी आडवी झाल्यानं रस्ता अडला होता. वरून भरलेले ट्रॅक्टर उतरत होते, त्यांना जागा मिळेना. गडी गाडी ढकलायला लागले, पण नालीतलं चाक निघायला वेळ लागला. या सगळ्यात तासभर गेला, थोडा जास्तच. मालक आत बसून होते. एकदाच बोलले.

"गेरची सळी बघितली व्हती का?"

"बघितली."

"भरलेली?"

"भरलेली."

"मग गाडीत दोष न्हाई," ते म्हणाले. माझ्याशी बोललेलं ते शेवटचं.

शेवटी खालून एक काळी-पिवळी जीप आली. त्यातल्या लोकांनी उतरून जागा दिली. तोडीच्या चार गड्यांनी मालकांना उचलून तिच्यात ठेवलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा आमची वेळ कधीच गेली होती आणि आमच्या मशीनवर दुसरा माणूस लावलेला होता. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. तोही आमच्यासारखाच वाट बघत बसलेला कुणीतरी होता. त्यांनी मालकांना लगेच ऑक्सिजन लावला, पळापळ करून दुसरं मशीन मोकळं केलं. सुई टोचायच्या आत मालक गेले. बाहेर अजून ऊन होतं. छातीत पाणी भरलं, असं डॉक्टर म्हणाले. हेही म्हणाले की हे असं कधी ना कधी होणारच होतं. मी ऐकून घेतलं.

तेरावा झाला. मुलगा म्हणाला, गाडी घाटातून उचलून भंगारात देतो. मी म्हटलं, आधी मला तिला काय झालं होतं ते कळू दे. तो म्हणाला, आता कळून काय करणार? मी म्हटलं, तू पुण्याला जा. मी बघते.

दवाखान्याच्या गावाला एक मुसलमान मिस्त्री आहे. फक्त ऑटोमॅटिक गाड्या करतो, लांबून लोक येतात असं ऐकलं होतं. त्याच्याकडं गाडी ओढून नेली. पन्नाशीचा माणूस, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यानं लगेच बॉनेट उघडलं नाही. आधी स्टूल दिला आणि विचारायला लागला. गार असताना करती का गरम झाल्यावर? सपाटीला का चढाला? धक्का कोणत्या गेरला बसतो, का गेर पडायलाच उशीर होतो? मागं जाताना नीट जाती का? वास येतो का? मी सगळं सांगितलं. वासाचं सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली. "तुमी लई बरोबर सांगता मावशी. असं सांगणारं गिऱ्हाईक मिळत न्हाई."

मग त्यानं गाडी चालू केली आणि चालूच ठेवली. इंजिन चांगलं तापेपर्यंत थांबला. ब्रेकवर पाय ठेवून दांडा एकेका खुणेवर न्यायचा, जरा थांबायचा, पुढं न्यायचा. सगळीकडं फिरवून परत 'थांब'वर आणला. आणि बॉनेट उघडून, इंजिन चालू असतानाच गेरची सळी ओढून काढली.

मी म्हटलं, "इंजिन बंद करा की आधी."

"न्हाई मावशी. ही गरम आणि चालूच बघायची."

सळी पुसून परत घातली, काढली आणि माझ्यापुढं धरली. कोरडी. फक्त टोकाला एक काळपट थेंब होता. तो त्यानं पांढऱ्या कागदावर टेकवला. मधे राखेसारखे कण दिसले. कागद माझ्या नाकाजवळ आणला. तोच वास, करपल्या तेलाचा.

मी सांगितलं की मी दर पाळीला बघत होते, भरलेलं असायचं. फोनमधला फोटो दाखवला. त्यानं फोटो बघितला आणि समजावून सांगितलं. "विहिरीवरची मोटर चालू असली की पाणी पाइपात असतं. मोटर बंद केली की परत विहिरीत उतरतं. तुमी बंद मोटरीची विहीर बघत व्हता. ऑइल आधीच कमी झालेलं, पण बंद केल्यावर सगळं खाली जमा व्हायचं, मग सळीला भरलेलं दिसायचं. चढाला ते मागं सरकायचं, पंप हवा ओढायचा. आत गेर पकडणाऱ्या चकत्या हायत, त्या घसरून घसरून जळाल्या."

मी विचारलं, आधी कळलं असतं तर? तो म्हणाला, सुरुवातीला ऑइल भरून एक रबरी पाइप बदलला असता तर काही झालं नसतं. मग गाडीखाली बॅटरी मारून त्यानं तो पाइप दाखवला. पुढं, रेडिएटरजवळ. तडकलेला. इंजिन चालू होतं आणि पाइपाला उरलंसुरलं ऑइल सुटत होतं. एक थेंब फरशीवर पडला.

काळपट होता, पण पसरला तसा कडेनं लाल दिसला.

"नवं असताना हे लालभडक असतं," तो म्हणाला. "गाडी उभी केल्यावर बराच वेळ ठिपकतं. उभी करता तिथं तुमाला लाल डाग दिसले न्हाईत का कधी?"

मी स्टुलावरून उठले. दिसले होते, असं म्हटलं. मग कुणाला दाखवले न्हाईत, असं त्यानं विचारलं. दाखवले होते, मी म्हटलं, एका माणसाला दाखवले होते. त्यानं गेर खोलून चकत्या बदलाव्या लागतील, करायचं का, एवढंच विचारलं. मी नको म्हटलं आणि गाडी तिथंच ठेवून एसटीनं घरी आले.

त्याच दिवशी दिराकडं गेले. तो ओट्यावर ज्वारी पाखडणाऱ्या सुनेशी बोलत बसला होता. तेराव्याला आला होता, पण माझ्याशी बोलला नव्हता. सून आत गेली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ऑइल लाल असतं, ते गाडीचं होतं, तू थुंकला नव्हतास, मी रोज सड्यानं ते पुसत होते. हातातलं पान त्यानं तोंडात घातलं नाही, तसंच मुठीत धरून ठेवलं.

"दादाला कळलं व्हतं का, ते ऑइल हाय म्हणून?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मी थुंकलो असंच त्याच्या मनात राहिलं मग."

"त्यांनी ते कधी मनात धरलंच न्हाई. मी धरलं."

त्यानं मुठीतलं पान ओट्यावर ठेवलं. मग म्हणाला, "मी आलो असतो तर काय झालं असतं, वैनी? गेर तर जळालेलाच व्हता."

"चाकाला दगड लावला असता. ती नालीत गेली न्हसती. रस्ता अडला न्हसता. तास वाचला असता."

"तासानं माणूस वाचला असता का?"

ते मला माहीत नव्हतं. डॉक्टरलाही विचारलं नव्हतं आणि आता विचारून खरं उत्तर मिळणार नव्हतं. माहीत नाही, असंच मी त्याला सांगितलं. त्यानं सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मी चहा घेतला नाही, घरी आले.

त्या गुरुवारी गाडीत आम्ही दोघंच होतो; मागची सीट माझ्या बोलण्यानं रिकामी राहिली होती. मालक त्याच दिवशी गेले. मी जगले.